ठाणे ते एडिसन: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ घरच्या घरी कसा काढायचा

मुलाकडे नाहीतर लेकीकडे अमेरिकेला जायचं ठरलं की घरात दोन प्रश्न निघतात: भाडं किती आणि वेळ किती लागेल? भाडं सकाळी एक असतं आणि संध्याकाळी दुसरं, त्याला इलाज नाही. वेळेचं मात्र सरळ गणित आहे. फोनवर ‘मुंबई ते न्यूयॉर्क किती तास’ असं शोधलं तर कुठे १३ तास ५५ मिनिटं सापडतात, कुठे १६ तास, कुठे २१. यातलं एकही उत्तर खोटं असायचं कारण नाही. पहिल्याने नुसतं अंतर घेऊन वेगाने भागलेलं असतं, दुसरं थेट विमानाच्या वेळापत्रकातलं असतं आणि तिसऱ्यात वाटेतल्या थांब्याची वेळ धरलेली असते. रजा किती टाकायची, एडिसनला घ्यायला येणाऱ्याने किती वाजता निघायचं, आईच्या गोळ्यांची वेळ कशी जुळवायची, हे यातल्या एकाही आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी दारापासून दारापर्यंतचा हिशोब लागतो. तो पायरीपायरीने करू. उदाहरण घेऊ ठाण्याच्या मानपाड्यातून न्यूजर्सीतल्या एडिसनला जाणाऱ्या कुटुंबाचं.

आधी विमानतळ नक्की करा

हे सांगायची वेळ आता आली आहे. पूर्वी ‘मुंबईहून’ म्हटलं की सहार, विषय संपला. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही प्रवासी विमानं सुटू लागली. त्यामुळे तिकिटावर शहराचं नाव वाचून भागत नाही, तीन अक्षरी कोड बघावा लागतो. सहार-सांताक्रूझचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. दोन्हींमध्ये सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर आहेत. आकाशातल्या हिशोबात एवढ्याने काही बिघडत नाही, रस्त्यावरच्या हिशोबात सगळंच बिघडतं. नागपूरहून किंवा गोव्याहून येणारं विमान नवी मुंबईत उतरणार आणि पुढचं परदेशी विमान सहारहून, अशी दोन सुटी तिकिटं स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका. मधला रस्ता सायन-पनवेल महामार्गाच्या गर्दीतून जातो आणि त्याची जबाबदारी कुठलीच विमान कंपनी घेत नाही.

पलीकडच्या टोकालाही हेच. न्यूयॉर्क म्हणून जेएफके दाखवतात आणि न्यूअर्क, म्हणजे ईडब्ल्यूआर, सुद्धा. मुंबईपासून दोन्हींच्या अंतरात पंधराएक किलोमीटरचा फरक आहे. पण एडिसनला जायचं तर न्यूअर्क सोयीचं, कारण ते न्यूजर्सीतच आहे. जेएफकेहून अख्खं न्यूयॉर्क ओलांडून यावं लागतं. भाड्यात दोन-चार हजारांचा फरक असेल तर मी डोळे मिटून न्यूअर्क घेईन. खालचं गणित जेएफकेचं केलं आहे, कारण बहुतेकांच्या तिकिटावर तेच असतं.

अंतर काढायच्या तीन रीती

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. नेहमीच्या नकाशात उत्तर-दक्षिण ध्रुवांकडचा भाग ताणलेला असतो. त्यावर मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेघ ओढली आणि त्या रेघेनेच विमान नेलं तर साधारण १४,२०० किलोमीटर होतील. गोलावरची सर्वांत जवळची वाट १२,५३० किलोमीटरची आहे. म्हणजे नकाशावरची ‘सरळ’ वाट जवळजवळ १,७०० किलोमीटर लांबची.

ही जवळची वाट डोळ्यांनी बघायची असेल तर पृथ्वीगोल आणि दोरा घ्या. मुलांच्या अभ्यासाचा गोल जांभळी नाक्यावरच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक बोटाने दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर न्या आणि दोरा ताणा. तो आपोआप घसरत वर सरकतो: पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, मग उत्तर अटलांटिक. सगळ्यात वरच्या जागी तो ६५ अक्षांशाजवळ पोहोचतो, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या जेमतेम खाली. मुंबईतून निघताना विमानाचं तोंड पश्चिमेपेक्षा उत्तरेकडे का असायला हवं, हे त्या क्षणी कळतं. आता शिंप्याच्या टेपने दोऱ्याची लांबी मोजा आणि विषुववृत्तावरून गोलाचा घेरही मोजा. पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर. गोलाचा घेर ९४ सेंटिमीटर असेल तर १ सेंटिमीटर म्हणजे ४२५ किलोमीटर. न्यूयॉर्कचा दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो, लंडनचा सतरा. गुणाकार करा, उत्तर शंभर-दोनशे किलोमीटरच्या फरकाने बरोबर येतं. नातवंडांना सोबत घेऊन करायला ही रीत छान आहे.

दुसरी रीत कॅल्क्युलेटरची. फोनमधला कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनवर साइन-कोसाइनची बटणं उघडतात. कोन अंशात मोजायची सेटिंग आहे ना, ते आधी तपासा. ती रेडियनवर असेल तर उत्तर भलतंच येतं. मग दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक रेखांश पूर्व आणि दुसरा पश्चिम असेल तर बेरीज, दोन्ही एकाच बाजूला असतील तर वजाबाकी. इथे बेरीज येते १४६.६५.

सूत्र असं: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्ही उत्तरं मिळवा.

०.३२७ × ०.६५१ = ०.२१३
०.९४५ × ०.७५९ × (−०.८३५) = −०.५९९
बेरीज = −०.३८६

या बेरजेचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹ चं बटण) म्हणजे ११२.७ अंश. एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणाकार: सुमारे १२,५३० किलोमीटर. उणे चिन्ह बघून दचकू नका. रेखांशांतला फरक ९० अंशांच्या पुढे गेला की कोसाइन उणे होतो, एवढंच.

वैमानिक आणि विमानतळावरची माणसं किलोमीटरऐवजी नॉटिकल मैल वापरतात. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. परदेशी संकेतस्थळांवर साधा मैल असतो, तो १.६०९ किलोमीटरचा. नुसतं ‘मैल’ लिहिलेलं दिसलं तर कुठला ते पाहूनच पुढे जा, कारण दोन्हींत पंधरा टक्क्यांचा फरक आहे.

तिसरी रीत आळशी माणसाची, म्हणजे आपल्या सगळ्यांची: गूगल मॅप्सवर विमानतळावर बोट दाबून धरायचं, ‘अंतर मोजा’ निवडायचं आणि दुसऱ्या टोकाला जायचं. ते गोलावरचंच अंतर देतं. ग्रेट सर्कल मॅपर नावाच्या संकेतस्थळावर तर दोन कोड टाकले की वाटेसकट आकडा येतो. ताळा म्हणून काही आकडे देऊन ठेवतो: दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, सिंगापूर ३,९००, फ्रँकफर्ट ६,५७०, लंडन ७,२१०, सॅन फ्रान्सिस्को १३,५१०.

विमान त्या वाटेने जात नाही

१२,५३० हा आकडा कमीत कमी अंतराचा. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गांवरून, वारा बघून आणि कुठल्या देशाचं आकाश उघडं आहे ते बघून जातं. तिसरी गोष्ट गेल्या काही वर्षांत फार महत्त्वाची झाली आहे. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर २०२२ पासून युरोप, ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. २४ एप्रिल २०२५ ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि ती बंदी पुढे पुन्हा पुन्हा वाढवली. म्हणजे एकाच दिवशी मुंबईहून निघालेल्या दोन कंपन्यांच्या वाटा वेगळ्या असू शकतात. एकीला पाकिस्तानावरून जाता येत नाही, दुसरीला रशियावरून. दिल्लीच्या मानाने मुंबईला पाकिस्तानच्या बंदीचा फटका कमी बसतो, कारण आपण तसेही अरबी समुद्रावरून ओमानकडे निघू शकतो. आखाताचं आकाशही बेभरवशाचं झालं आहे. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात तिथल्या कितीतरी विमानांना वाट बदलावी लागली होती.

नक्की वाट बघायची तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर आपल्या विमानाचा क्रमांक टाका. गेल्या काही दिवसांत तेच विमान कुठून गेलं, किती वाजता उडालं, किती वाजता टेकलं हे दिसतं. माझ्या मते सगळ्या गणितांपेक्षा हा पुरावा मोठा. आठवडाभराच्या नोंदी बघितल्या की विमान रोज अर्धा तास उशिरा सुटतं का, तेही समजतं.

तासांचं गणित

लांब पल्ल्याची जेट विमानं ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडतात. पण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते फारच जोरात असतात. अमेरिकेला जाताना हा वारा समोरून, येताना पाठीमागून. म्हणूनच जायला जास्त आणि यायला कमी वेळ लागतो. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, असं लग्नकार्यात कुणीतरी ठामपणे सांगतंच. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, तेव्हा तो मुद्दा सोडून द्या.

घरगुती हिशोबासाठी मी असा ठोकताळा वापरतो: अंतरात पाच टक्के वाढवायचे, पश्चिमेला जाताना ८५० ने आणि पूर्वेला येताना ९३० ने भागायचं. मग धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं यासाठी ४० मिनिटं मिळवायची.

१२,५३० चे पाच टक्के धरून होतात १३,१५७. त्याला ८५० ने भागलं तर १५.४८. इथे भलेभले फसतात. १५.४८ म्हणजे १५ तास ४८ मिनिटं नव्हेत. दशांशाला ६० ने गुणा, ०.४८ तास म्हणजे २९ मिनिटं. तेव्हा १५ तास २९ मिनिटं अधिक ४०, साधारण १६ तास १० मिनिटं. परतीला ९३० ने भागा: १४ तास ९ मिनिटं अधिक ४०, म्हणजे १४ तास ५० मिनिटांच्या आसपास. लंडनला हाच ठोकताळा लावला तर जायला साडेनऊ तास आणि यायला पावणेनऊ येतात, आणि वेळापत्रकांतही साधारण तेच दिसतं. दिल्लीसारख्या जवळच्या फेरीला मात्र तो कमी आकडा देतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. उडण्यासाठी रांग आणि उतरण्यासाठी घिरट्या हे इथलं रोजचंच. छोट्या प्रवासात ती पंधरा-वीस मिनिटं डोळ्यांत भरतात.

तिकिटावर जो वेळ असतो त्याला विमान कंपन्यांत ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात: दाराशी उभं असलेलं विमान हलल्यापासून पलीकडच्या दाराशी थांबेपर्यंत. त्यात कंपनीने थोडी सूट धरलेली असते. म्हणूनच उशिरा सुटलेलं विमानही कधी कधी ‘वेळेवर’ पोहोचतं.

तिकिटावरची घड्याळं

‘अगं, रात्री दोनला निघून सकाळी साडेसातला पोहोचते म्हणजे साडेपाच तासच की!’ हा शोध प्रत्येक घरात एखाद्या आत्याने लावलेला असतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. उपाय एकच: पोहोचायची वेळ भारतीय वेळेत आणा, मगच वजाबाकी करा.

समजा जानेवारीचं तिकीट आहे. १५ तारखेला ०२:०० वाजता मुंबई, १५ तारखेलाच ०७:३५ वाजता न्यूयॉर्क. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या १० तास ३० मिनिटं मागे. ०७:३५ मध्ये ते मिळवले की भारतात संध्याकाळचे १८:०५. त्यातून ०२:०० वजा, उरले १६ तास ५ मिनिटं. आपल्या ठोकताळ्याशी जुळलं. परतीला न्यूयॉर्कहून ३० तारखेला ११:४५ ला निघालात, म्हणजे भारतात रात्रीचे २२:१५. मुंबईत ३१ तारखेला १३:०० ला उतरलात तर १४ तास ४५ मिनिटं.

उन्हाळ्यात अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा फरक साडेनऊ तासांचा होतो. हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतला जातो. लंडनचा फरक हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार, आणि तो मार्च-ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतो. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे अमेरिकेची घड्याळं बदललेली आणि लंडनची तशीच असतात. दुबई वर्षभर दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे, त्यांना ही कटकट नाही.

आता तारखेची गोष्ट, आणि ही लाल पेनाने लिहून ठेवा. १५ तारखेचं ०२:०० चं विमान म्हणजे १४ तारखेला रात्री जेवून घरातून निघायचं. १५ च्या रात्री बॅगा घेऊन सहारला पोहोचलात तर विमान वीसेक तासांपूर्वीच गेलेलं असतं. मुंबईहून बरीच परदेशी विमानं मध्यरात्रीनंतरची असतात, त्यामुळे हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. छापील तिकीट घ्या, सुटण्याच्या वेळेपुढे पेनाने ‘घरातून: बुधवार १४, रात्री ९.१५’ असं लिहा आणि तो कागद फ्रिजवर लावा. आई-बाबा एकटे जाणार असतील तर फोनमधल्या आठवणीपेक्षा हा कागद बरा.

थांबा घ्यावा का?

लोकांना वाटतं, दुबईवरून गेलं की खूप वळसा पडतो. हिशोब करून बघा. मुंबई-दुबई १,९३०, दुबई-न्यूयॉर्क ११,००० किलोमीटर, बेरीज १२,९३०. थेट वाटेपेक्षा फक्त ४०० किलोमीटर जास्त, म्हणजे अर्धा तास. फ्रँकफर्टवरून तर एकूण १२,७७० च्या घरात. गोलावरच्या दोऱ्याच्या जवळ असलेलं कुठलंही गाव वळशाचं नसतं. याउलट सॅन फ्रान्सिस्कोला सिंगापूरमार्गे गेलात तर थेट अंतरापेक्षा सुमारे ४,००० किलोमीटर जास्त पडतात.

मग एका थांब्याचा प्रवास १६ तासांचा २०-२१ तासांचा का होतो? दुसऱ्यांदा चढणं-उतरणं आणि मधलं बसून राहणं. तीन तासांचा थांबा मला योग्य वाटतो. दीड तासात पहिलं विमान जरा उशिरा आलं की धावाधाव, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती झेपत नाही. व्हीलचेअर मागितली असेल तर थांबा मोठाच ठेवा. दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर हवीत. पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनी करते, सुट्या तिकिटांना तो आधार नाही. अमेरिकेत उतरून आतल्या दुसऱ्या शहरी जायचं असेल तर ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन करावं लागतं आणि बहुतेक वेळा बॅगाही तिथे उचलून पुन्हा द्याव्या लागतात. तिथे तीन तासही कमी पडू शकतात.

ठाण्याहून सहार

मानपाड्याहून पूर्व द्रुतगती महामार्ग, पुढे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड किंवा घाटकोपरकडून अंधेरी-कुर्ला रोड. ऑक्टोबर २०२४ पासून मुलुंड आणि ऐरोलीच्या नाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल नाही, पण घोडबंदर रोडचं काय सांगावं! रात्री नऊच्या सुमारास अवजड गाड्या निघाल्या की मानपाडा ते माजिवडा हेच अर्धा तास खातं. सव्वा ते दीड तास धरा, पावसाळ्यात दोन. दिवसाचं विमान आणि एक हातबॅग असेल तर लोकलने घाटकोपर, मेट्रोने मरोळ नाका आणि तिथून ॲक्वा लाइनने पुढचंच स्टेशन टर्मिनल दोन. २३ किलोच्या दोन बॅगांसह मात्र घाटकोपरचा पूल चढायच्या फंदात पडू नका.

कळवा, ऐरोली, वाशीकडच्यांनी नवी मुंबई विमानतळाचा पर्याय जरूर बघावा. ठाणे शहरातून सहारच जवळ पडतं.

आता सगळं जोडू. मानपाड्याहून १४ तारखेला रात्री ०९:१५. सहारला साडेदहापर्यंत, म्हणजे बॅगा, इमिग्रेशन, तपासणीला साडेतीन तास हाताशी. ०२:०० ला विमान, १६ तास ५ मिनिटं. उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा दोन तास, गाडीने एडिसन दीड तास. बेरीज २४ तास २० मिनिटं. एडिसनच्या दारात त्यांच्या घड्याळात सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटं, आईच्या शरीराच्या घड्याळात रात्रीचे साडेनऊ. रक्तदाबाच्या नाहीतर साखरेच्या गोळ्या कुठल्या घड्याळाने घ्यायच्या हे निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि त्या हातबॅगेतच ठेवा.

तिकीट चार-सहा महिने आधी काढलं असेल तर वेळा एकदा पुन्हा तपासा. विमान कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होतं आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या वेळी विमान दोन तास इकडेतिकडे सरकलं तर कळवणारा ईमेल बहुधा एजंटच्या पत्त्यावर जातो. बुकिंग करतानाच स्वतःचा ईमेल आणि फोन नंबर त्यात घालायला सांगा.